प्रेपच्या गोळीचा दर आणि गोव्यातील समलिंगी पुरुषांची पैसे मोजण्याची तयारी

बार्देश व तिसवाडी तालुक्यांत समलिंगी पुरुषांमध्ये काम करणाऱ्या एका लहान संस्थेच्या समन्वयकांनी पुढील प्रश्न विचारला आहे. एचआयव्हीची लागण टाळणारी प्रेपची गोळी आपल्या केंद्रामार्फत अल्प दरात मिळवून द्यावी, असा संस्थेचा विचार आहे. त्यासाठी 'आपण महिन्याला किती रुपये द्याल?' असे सर्वेक्षण करून येणाऱ्या सरासरीइतका दर ठेवावा, असे त्यांना वाटते. हा मार्ग बरोबर आहे का, आणि लोक खरोखर पैसे देतील का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. लैंगिक आरोग्याचा डॉक्टर म्हणून गोव्यात दीर्घकाळ काम करताना आणि प्रेप लिहून देताना जे पाहिले, त्याच्या आधारे हे उत्तर देत आहे.

काही पुरुष पैसे देतील. आजही देत आहेत. मात्र सरासरीवरून दर ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोव्यातला पुरुष या प्रश्नाला उत्तर म्हणून जो आकडा सांगतो, त्यात गोळीची किंमत थोडी आणि आपले नाव कोणाला कळू नये यासाठी तो मोजायला तयार असलेली किंमत बरीच असते. शिवाय सर्वांत कमी आकडा सांगणाऱ्यांमध्येच सर्वाधिक गरजू पुष्कळदा असतात. या दोन गोष्टी वेगळ्या काढल्याशिवाय सर्वेक्षणातून हाती येणारा आकडा तुमची दिशाभूल करील.

प्रथम औषधाविषयी. प्रेप म्हणजे एचआयव्ही नसलेल्या व्यक्तीने लागण होऊ नये म्हणून संबंधांपूर्वीपासून घ्यावयाचे औषध. सध्या सर्वाधिक वापरली जाणारी गोळी टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम यांची आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आयप्रेक्स या सहा देशांतील अभ्यासात गोळी दिलेल्या गटात लागण ४४ टक्क्यांनी कमी झाली. हा आकडा कमी वाटतो, कारण त्या गटातील अनेकांनी गोळी नियमित घेतलीच नव्हती. रक्तातील औषधाच्या प्रमाणावरून नंतर केलेल्या गणितानुसार रोज गोळी घेणाऱ्यांना मिळणारे संरक्षण सुमारे ९९ टक्के भरते. २०१५ मध्ये इंग्लंडच्या प्राउड आणि फ्रान्स व कॅनडातील इपरगे या दोन्ही अभ्यासांत लागण ८६ टक्क्यांनी घटली. इपरगेमध्ये गोळी रोज दिली जात नव्हती. संबंधांपूर्वी २ ते २४ तास आधी दोन गोळ्या, त्या दोन गोळ्यांनंतर २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी आणखी एक, अशी ती पद्धत होती, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी ती मान्य केली. या पद्धतीमुळे खर्चाचे सगळे गणित बदलते. त्याकडे पुढे येतो.

दराविषयी वाचताना परदेशी आकडे सांभाळून वापरावेत. अमेरिकेत २०१२ साली या गोळीला प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली आणि पुढे कित्येक वर्षे मूळ कंपनीच्या गोळीची महिन्याची छापील किंमत हजार डॉलरच्या वर राहिली. तेथील पुरुषाला 'किती द्याल?' असे विचारले की त्याच्या मनात विम्याचा हप्ता आणि विम्यानंतर खिशातून जाणारी रक्कम असते. आपल्याकडे गोळी भारतीय कंपन्या बनवतात, महिन्याच्या ३० गोळ्यांचा खर्च ब्रँडनुसार साधारण हजार ते अडीच हजार रुपयांच्या दरम्यान धरावा लागतो, आणि विमा बहुधा नसतोच. असला तरी तो मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असतो. त्यामुळे येथे सगळी रक्कम स्वतःच्या खिशातून जाते. इंग्लंडचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा आहे. तेथील सरकारी आरोग्यसेवा २०१५ नंतरही प्रेप देत नव्हती, तेव्हा अनेक समलिंगी पुरुषांनी भारतात बनलेली हीच गोळी इंटरनेटवरून स्वखर्चाने मागवली. लोक स्वतःच्या संरक्षणासाठी पैसे मोजतात, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. पण ज्यांना माहिती होती, पैसे होते आणि पार्सल घरी येण्याची भीती नव्हती, त्यांनाच ते जमले. पुढे २०२० मध्ये तेथे प्रेप नियमित सेवेत मोफत आली.

आता सर्वेक्षणाकडे वळू. सरासरी का फसवते, हे एका कल्पित उदाहरणाने दाखवतो. दहा पुरुषांना विचारले. पणजीत चांगल्या नोकरीत असलेल्या दोघांनी प्रत्येकी ३००० रुपये सांगितले, तिघांनी ५०० आणि उरलेल्या पाचांनी १००. बेरीज ८००० आणि सरासरी ८००. संस्थेने ८०० रुपये दर ठेवला, तर त्या दहांपैकी दोघेच गोळी घेऊ शकतील, आणि तेही असे दोघे, जे तुमच्या केंद्राशिवाय कोणत्याही फार्मसीतून ती विकत घेऊ शकले असते. उरलेल्या आठांसाठीच केंद्र उघडले होते, आणि नेमके तेच बाहेर राहतील. म्हणून सर्वेक्षणातून एक आकडा काढण्याऐवजी उतरती रेषा काढावी: मोफत असल्यास किती जण घेतील, २०० रुपयांना किती, ५०० ला किती, १००० ला किती. रेषा कोणत्या दराला एकदम कोसळते, ते पाहण्यासाठीच हा सारा खटाटोप करायचा आहे.

ती रेषा मिळवण्यासाठी 'किती द्याल?' असा मोकळा प्रश्न उपयोगाचा नाही. माणसाला अशा वस्तूचा भाव मनात ठरवण्याची सवय नसते, त्यामुळे तो सुचेल तो आकडा सांगतो किंवा विचारणाऱ्याला बरे वाटेल तो सांगतो. त्याऐवजी प्रत्येकाला चिठ्ठी काढून आलेला एकच दर सांगावा आणि 'या दराला पुढच्या महिन्यापासून घ्याल का?' असे विचारावे. 'हो' आले तर एकदाच वरचा दर विचारावा, 'नाही' आले तर एकदाच खालचा, आणि तेथे थांबावे. सर्वांना एकाच दरापासून विचारायला सुरुवात केली, तर सगळी उत्तरे त्या दराभोवती गोळा होतात. प्रश्नापूर्वी एक वाक्य स्वच्छपणे सांगावे: अशा सर्वेक्षणांत लोक प्रत्यक्षात देतात त्यापेक्षा जास्त रक्कम सांगून जातात, तेव्हा आपले भाडे, घरी पाठवायचे पैसे आणि मोबाइलचा खर्च डोळ्यांसमोर ठेवून उत्तर द्यावे. एवढ्याशा सूचनेनेही उत्तरे जमिनीवर येतात.

प्रश्न कोण विचारतो, यालाही महत्त्व आहे. ज्या कार्यकर्त्याने आजवर कंडोम वाटले, तपासणीला सोबत नेले, त्याच्यासमोर 'मला परवडत नाही' असे म्हणणे अनेकांना जड जाते, आणि उलट 'मला याची गरज आहे' असे म्हणणे काहींना त्याहून जड जाते. शक्य असेल तर किमतीचे प्रश्न मोबाइलवर, नाव न विचारता, मराठी, कोकणी, हिंदी आणि कन्नड या भाषांत ठेवावेत. कन्नडचा मुद्दाम उल्लेख करतो, कारण किनारपट्टीवरील स्वयंपाकघरांत आणि बांधकामांवर काम करणारी कितीतरी मुले कर्नाटकातून आलेली असतात, आणि मराठी-कोकणीतून केलेल्या सर्वेक्षणात ती मोजलीच जात नाहीत.

दर महिन्याचा सांगायचा, वर्षाचा की एका वेळेचा, हाही प्रश्न वरवरचा नाही. महिन्याला १२०० रुपये ऐकून जो दचकतो, तोच 'दर वेळी चार गोळ्या, म्हणजे साधारण १६० रुपये' असे सांगितल्यावर विचार करू लागतो. महिन्यातून एकदा-दोनदाच संबंध येत असतील, तर ३० गोळ्यांच्या बाटलीतून सात वेळांचे संरक्षण होते आणि बाटली तीन महिन्यांहून अधिक पुरते. आठवड्यातून अनेकदा संबंध येणाऱ्याला मात्र रोजची गोळी सोपी पडते. तेव्हा आधी त्या पुरुषाला कोणती पद्धत लागू पडते ते ठरवावे आणि त्या पद्धतीचाच दर त्याला विचारावा. दोन्ही गट एकत्र करून 'मासिक दर' काढला, तर तो कोणाचाच खरा दर नसतो.

हे सगळे केल्यावरही शब्दांवर पूर्ण भिस्त ठेवू नये. निधी असेल तर थोड्या काळासाठी वेगवेगळ्या सवलतींची कुपने चिठ्ठीने वाटावीत आणि किती जण प्रत्यक्षात बाटली घेऊन गेले, तसेच त्यांपैकी किती जण तीन महिन्यांनी पुन्हा आले, ते मोजावे. पहिली बाटली कुतूहलाने घेतली जाते. दर परवडतो की नाही, ते पुढच्या बाटल्यांवरून कळते.

आता गोव्याविषयी, कारण येथे किमतीचा मोठा भाग गोपनीयतेचा आहे. आपले राज्य लहान आहे. म्हापशाच्या फार्मसीत उभा असलेला मुलगा कोणाचा, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला बहुधा ठाऊक असते. आडनाव आणि वाडा सांगितला की घर कळते. उत्तर टोकाच्या पेडण्याचा पुरुष मडगावला जाऊन गोळी घेतो आणि दक्षिण टोकाच्या काणकोणचा पणजीला येतो, हे माझ्या रुग्णांमध्ये सर्रास दिसते. बसचे भाडे, बुडालेला दिवस आणि घरी सांगावे लागणारे कारण ही त्याने गोळीसाठी मोजलेलीच किंमत असते, पण तुमच्या प्रश्नावलीत तिला जागा नसते.

या भीतीला इतिहासही आहे. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या गोमंतकीय तरुणाने रक्तदान केले होते आणि त्या रक्तात एचआयव्ही आढळला. त्याला पोलिसांकरवी नेण्यात आले आणि तेव्हाच्या गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्यातील तरतुदीखाली म्हापशातील जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटे कोंडून ठेवण्यात आले. त्याची आई लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. सुटल्यावर डॉमिनिकने एचआयव्हीबाधितांसाठी काम उभे केले आणि १९९२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. आज परिस्थिती फार बदलली आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीने होणाऱ्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले, आणि त्याच महिन्यात १० तारखेपासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २०१७ नुसार संमतीशिवाय तपासणी करणे आणि कोणाची एचआयव्हीविषयक माहिती उघड करणे यांना मनाई आहे. तरीही सरकारी नोंदवहीत नाव लिहिले जाण्याची धास्ती गोव्यात जुन्या पिढीने पुढच्या पिढीच्या कानांत घातलेली आहे, आणि ज्यांना डॉमिनिकचे नावही माहीत नाही, अशा पंचविशीतल्या मुलांमध्येही मला ती भेटते. म्हणून तपासणीची मोफत सरकारी सेवा असतानाही काही जण पैसे देऊन खासगी दवाखाना गाठतात. त्यांनी दिलेले पैसे गोळीच्या मागणीचा पुरावा म्हणून मोजले, तर तुमचा हिशेब चुकेल.

या गोळीची आणखी एक अडचण आहे. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन हीच औषधे एचआयव्हीच्या उपचारातही वापरली जातात. बाटली कोणाच्या हाती लागली आणि त्याने मोबाइलवर नाव शोधले, तर घरच्यांचा पहिला समज 'मुलाला एचआयव्ही झाला' असाच होतो. त्यामुळे बरेच जण गोळ्या दुसऱ्या डबीत काढून ठेवतात, जीवनसत्त्वांच्या बाटलीत किंवा पाकिटात. गोव्याच्या पावसाळ्यात हे घातक आहे, कारण ही गोळी ओलावा सहन करत नाही आणि मूळ बाटलीतील शोषक पुडीसह घट्ट झाकणातच तिने राहिले पाहिजे. चतुर्थीच्या दिवसांत तर मूळ घरी सगळे कुटुंब जमते, एका खोलीत पाच-सहा जण निजतात आणि एकाची बॅग दुसरा सहज उघडतो. त्या काळात रोजची गोळी चुकवणारे, किंवा बाटली पणजीच्या खोलीवरच ठेवून जाणारे पुरुष मी दर वर्षी पाहतो. तुमचे केंद्र मूळ बाटलीवरचा कायदेशीर मजकूर काढू शकत नाही, पण ती साध्या, नाव नसलेल्या, झाकणाच्या डब्यात बसवून देऊ शकते, आणि गावी जाणाऱ्याला तेवढ्या दिवसांसाठी काय करायचे ते आधी समजावू शकते. या डब्यासाठी, घरपोच पार्सलसाठी किंवा संध्याकाळी उशिरापर्यंत उघड्या राहणाऱ्या केंद्रासाठी किती पैसे द्याल, असे स्वतंत्रपणे विचारा. माझा अंदाज असा, की अनेकांकडून या प्रश्नांना गोळीपेक्षा मोठे आकडे येतील.

उत्पन्नाचा मुद्दा येथे ऋतूशी बांधलेला आहे. ऑक्टोबर ते मे या काळात शॅक, हॉटेले आणि वाहतूक यांतून पैसा येतो. जून लागला की शॅक उठतात आणि कितीतरी जणांची मिळकत निम्म्यावर येते किंवा थांबते. डिसेंबरमध्ये ७०० रुपयांना 'हो' म्हणणारा तरुण जुलैत २०० रुपयांनाही 'नाही' म्हणतो, आणि दोन्ही वेळा तो खरेच बोलत असतो. त्यामुळे सर्वेक्षण एका ऋतूत करून वर्षभराचा दर ठरवू नये. शिवाय ज्या महिन्यांत पैसा असतो, त्याच महिन्यांत पर्यटकांमुळे संबंधांची संख्याही वाढते, हे लक्षात घेतले तर 'हंगामापुरती प्रेप' ही कल्पना अनेकांना पटते आणि वैद्यकीयदृष्ट्याही ती चालते. फक्त सुरुवातीची आणि शेवटची गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागते. परंतु ज्यांचे संबंध पैशांच्या मोबदल्यात होतात, त्यांच्या बाबतीत उलट घडते. मिळकत आटली की कंडोमशिवायचा आग्रह नाकारण्याची त्यांची ताकदही कमी होते. म्हणजे जेव्हा गोळी विकत घेता येत नाही, तेव्हाच तिची सर्वाधिक गरज असते. राष्ट्रीय पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमधील एचआयव्हीचे प्रमाण २०२१ मध्ये सुमारे ३.३ टक्के आढळले, तर देशातील एकूण प्रौढांमध्ये ते ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. हा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. पैसे, खोली आणि शब्द ज्यांच्याकडे कमी, त्यांच्यावर तो अधिक पडतो.

'मोफत दिले की लोक किंमत करत नाहीत, म्हणून थोडे तरी पैसे घ्यावेत' हे वाक्य मला प्रत्येक बैठकीत ऐकू येते, आणि बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. केनियात जेसिका कोहेन आणि पास्कलिन दुपा यांनी गरोदर स्त्रियांना मलेरियापासून वाचवणाऱ्या मच्छरदाण्यांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. दर शून्यावरून अवघ्या ०.६० डॉलरवर नेल्यावर मच्छरदाणी घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्केबिंदूंनी घसरले, आणि मोफत मिळालेल्या मच्छरदाण्या विकत घेतलेल्यांपेक्षा कमी वापरल्या गेल्या, असे काही दिसले नाही. प्रेपबाबतही अमेरिकेत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा, की खिशातून द्यावयाची रक्कम शून्यावरून १० डॉलरवर गेली तरी लिहून दिलेली गोळी न उचलणाऱ्यांचे प्रमाण जवळपास दुप्पट होते. १० डॉलर ही तेथे क्षुल्लक रक्कम आहे. शून्य आणि 'थोडेसे' यांच्यामधली दरी ही 'थोडेसे' आणि 'बरेच' यांच्यामधल्या दरीहून मोठी असते, आणि प्रतिबंधाच्या बाबतीत तर अधिकच, कारण आज काही दुखत नसते.

दर जास्त असल्याचा दुसरा परिणाम मला अधिक काळजीचा वाटतो. सगळेच गोळी सोडत नाहीत. काही जण ती पुरवून पुरवून घेतात. दिवसाआड घेतात, मित्राबरोबर बाटली वाटून घेतात, संबंधांनंतरच्या दोन गोळ्या वाचवतात. अर्धवट संरक्षणाच्या भरवशावर कंडोम सुटतो, आणि मधल्या काळात लागण झाली व ती ओळखू न येता गोळी चालू राहिली, तर विषाणू एमट्रिसिटाबिनला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून सर्वेक्षणात 'घ्याल का?' याबरोबरच 'या दराला गोळ्या पुरवून घ्याव्या लागतील का?' असेही विचारावे. ज्या दराला या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेक जण 'हो' असे देतात, तो दर सुरक्षित नाही.

तपासण्यांचा खर्च बहुतेक प्रस्तावांत विसरला जातो. प्रेपपूर्वी एचआयव्हीची तपासणी अनिवार्य आहे आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी ती करावी लागते. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालये यांच्या समुपदेशन केंद्रांत ती मोफत होते. मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि यकृताच्या संसर्गासाठी हिपॅटायटिस बी या तपासण्याही हव्यात, विशेषतः दुसरी. हिपॅटायटिस बी असलेल्याने ही गोळी मध्येच थांबवली तर यकृताचा आजार उसळू शकतो, म्हणून अशा व्यक्तीला गरजेपुरती, म्हणजे संबंधांच्या वेळीच, गोळी घेण्याची पद्धत देऊ नये. सिफिलिस आणि गोनोरिया यांपासून प्रेप वाचवत नाही, तेव्हा त्यांची तपासणीही सोबत असावी. खासगी प्रयोगशाळेत या सगळ्याचे बिल पहिल्या बाटलीहून अधिक होऊ शकते. गोळी स्वस्त आणि तपासण्या महाग ठेवल्या, तर लोक तपासणी टाळून इंटरनेटवरून गोळी मागवतील. सवलत द्यायचीच असेल, तर पहिल्या भेटीच्या तपासण्यांपासून सुरुवात करावी. गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवरच आणि परवानाधारक फार्मसीतूनच दिली जाऊ शकते, त्यामुळे संस्थेने स्वतः विक्री न करता एखाद्या फार्मसीशी करार करावा.

ज्याला गोळीची गरज नाही, त्याच्याकडून पैसे घेऊ नयेत, हेही सांगितले पाहिजे. एखाद्याला एकच जोडीदार आहे, तो जोडीदार एचआयव्हीबाधित असून नियमित उपचार घेत आहे आणि त्या जोडीदाराच्या रक्तातील विषाणू मोजण्याइतकाही उरलेला नाही, तर त्या जोडीदाराकडून लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. अशा जोडप्याला धीराची गरज असते.

दराबाबत माझी शिफारस अशी आहे. केंद्रात येणाऱ्याला गोळी आणि तपासण्या मोफत असाव्यात, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड किंवा पत्त्याचा पुरावा मागू नये. पुरावा मागितला की परराज्यातला कामगार आणि घरी न कळवता आलेला मुलगा दोघेही परत जातात. ज्यांना वेळ ठरवून डॉक्टरांना भेटायचे आहे, गोळी घरपोच हवी आहे किंवा केंद्रात पाऊलच ठेवायचे नाही, त्यांच्यासाठी त्याच डॉक्टरांकडून आणि त्याच फार्मसीतून सशुल्क सोय असावी, आणि तिचा दर तुमच्या सर्वेक्षणातल्या गोपनीयतेच्या आकड्यांवरून ठरवावा. या पैशांतून मोफत सेवेचा सगळा खर्च निघणार नाही. तो सरकारने उचलावा यासाठी गोवा राज्य एड्स नियंत्रण सोसायटीकडे जाताना ही उतरती रेषा हातात ठेवावी. एचआयव्हीचा उपचार देशात २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतो आणि तो आयुष्यभर चालतो. लागण टाळणारी गोळी मात्र ज्याने-त्याने विकत घ्यायची, ही विसंगती अधिकाऱ्यांना दाखवण्यासाठी 'इतके लोक इतक्या दराला मागे फिरतात' हे वाक्य पुरेसे ठोस आहे. 'लोक ८०० रुपये द्यायला तयार आहेत' असे वाक्य त्यांच्यासमोर ठेवले, तर मोफत देण्याची गरजच नाही असा अर्थ काढला जाईल, आणि तो अर्थ काढण्याची संधी आपणच दिलेली असेल.

एक गोष्ट आताच प्रश्नावलीत घालावी. सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली द्यावयाच्या लेनाकापाविर या इंजेक्शनला अमेरिकेत जून २०२५ मध्ये प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली. मुख्यतः पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांवर झालेल्या त्याच्या मोठ्या चाचणीत इंजेक्शन घेतलेल्या २००० हून अधिक जणांपैकी दोघांनाच लागण झाली. अमेरिकेत त्याची वर्षाची छापील किंमत २८,००० डॉलरच्या वर आहे. मात्र मूळ कंपनीने १२० देशांसाठी इतर उत्पादकांना दिलेल्या परवान्यांमुळे भारतीय कंपन्यांनी २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरला, म्हणजे साधारण साडेतीन हजार रुपयांना, ते पुरवण्याचे जाहीर केले आहे. ही कार्यक्रमांसाठीची खरेदी-किंमत आहे. डॉक्टर, परिचारिका आणि तपासण्या यांचा खर्च वेगळा. ज्याला बाटली ठेवायला जागा नाही, त्याच्या दृष्टीने वर्षातून दोन भेटी आणि घरात काहीच न ठेवणे ही संपूर्णपणे निराळी वस्तू आहे. म्हणून गोळी आणि इंजेक्शन यांचे दर वेगवेगळे विचारावेत, दोन्हींसाठी चिठ्ठीतल्या दरांत शून्य दरही ठेवावा, आणि इंजेक्शनचा प्रश्न वर्षाच्या एकरकमी आकड्यात न विचारता प्रत्येक भेटीच्या आकड्यात विचारावा. पहिली फेरी डिसेंबरमध्ये घेणार असाल, तर त्याच माणसांकडे दुसरी फेरी जुलैत घ्या आणि दोन्ही रेषा एकाच कागदावर काढा.